जांभळ्या कॅसेटचा दुसरा भाग

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



एखाद्या गाजलेल्या कलाकृतीचा दुसरा भाग येतोय असं वाचलं की मला आधी आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटते. पहिला भाग आपण मनात इतकी वर्षं जपलेला असतो की दुसऱ्यानं येऊन त्याला धक्का लावू नये, असं वाटत राहतं. नाटक-सिनेमाच्या बाबतीत हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. आज मी ज्या दुसऱ्या भागाविषयी बोलणार आहे तो मात्र एका अल्बमचा आहे, आणि तोही न्यूयॉर्कच्या एका रॅप कलावंताच्या. पहिला भाग आला १९९५ साली, दुसरा २००९ साली. मधे चौदा वर्षं. म्हणजे अख्खा वनवास.

या दुसऱ्या भागाचं समीक्षकांनी मोठं स्वागत केलं. अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या नियतकालिकांनी भरभरून लिहिलं. दूर इथे बसून थोडं मीही लिहिलं, मराठीत, एका पुरवणीच्या कोपऱ्यात. त्या स्वागतात काय होतं आणि आमच्या कानांतून काय निसटलं, ते आज सांगायचं आहे.

आधी थोडी ओळख. रॅप म्हणजे सुरात गाणं कमी आणि तालावर बोलणं जास्त. यमकं, अनुप्रास, शब्दांच्या कोलांट्या आणि खाली सतत वाजणारा ठेका. आता बहुतेक अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांची मोट असते. पण कधी कधी कलावंत सगळी गाणी एकाच कथेच्या दोऱ्यात ओवतो. त्याला तिकडे ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गाणं असं छप्पन गाण्यांत उलगडत गेलं, आणि एका गाण्याचा श्रोता पुढच्या आठवड्याची वाट बघत राहिला. साम्य एवढंच. ते पुढे ताणू नका, कारण मी ज्या अल्बमविषयी बोलतोय त्याचे नायक कोकेन विकणारे दोन तरुण आहेत.

१९९५ साली मी न्यूयॉर्कमध्ये शिकत होतो. फी भागवण्यासाठी रात्री फोटोकॉपीच्या दुकानात काम करायचो. दुकान मॅनहॅटनच्या अगदी दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटजवळ. दिवसा वकिलांनी आणून टाकलेले कागदांचे ढीग आम्ही रात्रभर मशीनमधून काढायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्याच वयाचा एक कृष्णवर्णीय मुलगा. तो राहायचा स्टेटन आयलंडवर. न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांतला हा सगळ्यात दुर्लक्षित विभाग. मॅनहॅटनहून तिथं जायला बोट लागते. तेव्हा बोटीचं भाडं पन्नास सेंट होतं. १९९७ साली ते रद्द झालं आणि तेव्हापासून बोट फुकट आहे. पंचवीस मिनिटांचा प्रवास. उजव्या हाताला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, म्हणून पर्यटक बोटीत चढतात आणि पलीकडे उतरून त्याच पावली परत फिरतात. पुढे काय आहे ते कोणी बघत नाही. पुढे पार्क हिल आणि स्टेपलटन नावाच्या वस्त्या आहेत, विटांच्या उंच चाळी म्हणा हवं तर. ‘वू-टँग क्लॅन’ नावाचा नऊ जणांचा रॅप जथा इथूनच पुढे आला. कुंगफूच्या जुन्या चिनी सिनेमांचं या मुलांना इतकं वेड की जथ्याचं नाव त्यातून घेतलेलं आणि स्वतःच्या बेटालाही त्यांनी शाओलिन असं नाव ठेवलेलं.

त्या ऑगस्टमध्ये माझा जोडीदार एक कॅसेट घेऊन आला. तिचं प्लास्टिक जांभळं होतं. कॅसेटी तोपर्यंत मी काळ्या, पांढऱ्या, पारदर्शक पाहिल्या होत्या, जांभळी पहिल्यांदाच. त्याने ती कॅसेट हातात देताना असा चेहरा केला की जणू प्रसाद देतोय. पुढे कळलं, रंग मुद्दाम निवडलेला होता. रस्त्यावर क्रॅक विकणारे आपल्या कुप्यांना ठरावीक रंगाची टोपणं लावत, म्हणजे गिऱ्हाइकाला माल कुणाचा ते कळावं. रेक्वॉनला आपली कॅसेट तशीच ओळखू यायला हवी होती. रेक्वॉन म्हणजे या अल्बमचा धनी, वू-टँग क्लॅनमधला ‘शेफ’. खरं नाव कोरी वूड्स, जन्म १९७०. अल्बमचं नाव ‘ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स’. क्यूबन लिंक म्हणजे जाड कड्यांची सोन्याची साखळी, सहजी न तुटणारी. अल्बम रेक्वॉनच्या नावावर असला तरी त्याच्या बरोबरीने सबंध वेळ बोलतो तो घोस्टफेस किला. मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख सिनेमातल्या पाहुण्या नटासारखा केलेला आहे.

सिनेमासारखाच सगळा थाट. सुरुवातीला गाणं नाही, दोन मित्रांचं बोलणं आहे. या धंद्यातून बाहेर पडायचंय, त्यासाठी एक शेवटचा मोठा हात मारायचा, एवढीच कथावस्तू. मधे मधे हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांच्या ‘द किलर’ या सिनेमातले संवाद येतात. सगळं संगीत एकट्या रिझाचं, वू-टँगच्या म्होरक्याचं: जुन्या सोल गाण्यांचे तुकडे, चरचरणारे, जरा बेसूरच वाटावेत असे, आणि त्याखाली ठेका. भाषा तर अशी की अमेरिकन माणसालाही निम्मी कळू नये. मला माझा जोडीदार मशीनच्या घरघराटात एकेक शब्द फोडून सांगायचा. हा शब्द म्हणजे पैसे, हा म्हणजे पोलिस, हा म्हणजे आपला माणूस. इंग्रजीचा इतका कसून अभ्यास मी कॉलेजात केला नाही.

एक गोष्ट मात्र त्याने तेव्हा सांगितली नाही, ती मला दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळली. त्याचा थोरला भाऊ तुरुंगात होता. न्यूयॉर्क राज्यात १९७३ साली गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविरुद्ध अतिशय कडक कायदे केले होते. नव्वदच्या दशकात त्यांखाली दोन औंस, म्हणजे जेमतेम सत्तावन्न ग्रॅम माल विकताना सापडलं तरी किमान पंधरा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा होई. न्यायाधीशाला वाटलं तरी ती कमी करता येत नसे. भाऊ १९९२ साली सापडला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आम्ही रात्री जी कथा डोलत ऐकत होतो, तिचा शेवट माझ्या जोडीदाराच्या घरी आधीच होऊन गेलेला होता. मी त्याला कधी विचारलं नाही की मग तुला हे ऐकवतं कसं. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

पहिल्या अल्बमचं तेव्हा चांगलंच स्वागत झालं. ‘द सोर्स’ हे हिप-हॉपचं सगळ्यात वजनदार मासिक. त्याने पाचापैकी साडेचार मायक्रोफोन दिले. ‘बिलबोर्ड’च्या यादीत अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. पण ‘अजरामर’ वगैरे शब्द तेव्हा कुणी वापरले नव्हते. ते पुढे चिकटले, जेव्हा या अल्बमची चाल सगळ्यांनी उचलली तेव्हा. माफियांची नावं घेणं, उंची मद्यं, इटालियन कपडे, गुन्ह्याची बारीकसारीक तपशिलांनी सांगितलेली गोष्ट. १९९६ साली जे-झीचा पहिला अल्बम आला, नॅसचा दुसरा आला. दोघांवरही ही छाया दिसते. नॅस तर जांभळ्या कॅसेटवर एका गाण्यात पाहुणा होता.

मग स्वतः रेक्वॉनचं काय झालं? त्याचा पुढचा अल्बम १९९९ साली आला, ‘इमोबिलॅरिटी’. त्यात ना रिझाचं संगीत, ना घोस्टफेसचा आवाज. तबला आणि हार्मोनियम दोन्ही घरी ठेवून गवई बैठकीला यावा तसं झालं. २००३ सालचा ‘द लेक्स डायमंड स्टोरी’ही फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. आणि मग २००५-०६च्या सुमाराला बातम्या येऊ लागल्या, जांभळ्या कॅसेटचा दुसरा भाग येणार. बस्टा ऱ्हाइम्स त्यात लक्ष घालणार. डॉ. ड्रेच्या कंपनीकडून निघणार. या वर्षी येणार, पुढच्या वर्षी येणार. दरम्यान २००७ साली वू-टँगच्या सामूहिक अल्बमवरून रेक्वॉन आणि घोस्टफेस यांचं रिझाशी वाजलं, तेही जाहीरपणे. ज्याच्या संगीताशिवाय दुसऱ्या भागाला अर्थ नाही त्याच्याशीच भांडण. आमच्यासारख्यांनी आशा सोडली होती.

आणि ८ सप्टेंबर २००९ रोजी अल्बम आला. मोठी कंपनी मागेच राहिली. रेक्वॉनने आपल्या ‘आइसवॉटर’ या नावानेच तो काढला. गंमत बघा, हाही ‘बिलबोर्ड’च्या यादीत चौथ्याच क्रमांकावर आला. पहिल्या आठवड्यात अडुसष्ट हजार प्रती खपल्या. डाउनलोडच्या त्या दिवसांत हा आकडा अजिबात लहान नव्हता. पण खपापेक्षा मोठी होती ती समीक्षकांची दाद. वेगवेगळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करून सरासरी काढणारी ‘मेटाक्रिटिक’ नावाची व्यवस्था आहे. तिथे अल्बम शंभरात नव्वदीच्या अगदी जवळ गेला. रॅपमध्ये पस्तिशी म्हणजे निवृत्तीचं वय मानतात, आणि हा माणूस एकोणचाळीस वर्षांचा.

परीक्षणांचा सूर बहुतेक ठिकाणी एकच होता. काळ जणू गोठलाय. चौदा वर्षं मधे गेलीच नाहीत. पहिल्या भागाला शोभेल असा दुसरा भाग. ही स्तुती होती, आणि रॅपच्या समीक्षेत ती जरा विचित्रच म्हणायला हवी. एरवी हेच समीक्षक नवं काय आहे म्हणून विचारतात. जुनाच ठेका वाजवला तर कान धरतात. इथे मात्र ‘काहीही बदललं नाही’ ही सर्वोच्च पदवी होऊन बसली. त्याचं कारण मला उघड दिसतं, कारण मीही त्यातलाच. २००९ साली परीक्षणं लिहिण्याच्या वयात आलेले आम्ही सगळे १९९५ साली विशीच्या आगेमागे होतो. दुसरा भाग ऐकताना आम्ही आमची विशी तपासून बघत होतो. ती सापडली, आणि आम्ही गुण देऊन मोकळे झालो.

माझं परीक्षण सहाशे शब्दांचं होतं. अल्बम मी दोनदा ऐकला होता, त्यातलं एकदा लोकलमध्ये. पहिल्या गाण्यात पोपा वूचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. पोपा वू म्हणजे वू-टँगच्या पोरांचा वडीलधारा, उपदेश करणारा. पहिला अल्बम त्याच्याच बोलण्यावर संपतो, आणि दुसरा त्याच्याच बोलण्याने, तोच ध्रुवताऱ्याचा धागा पकडून सुरू होतो. दार जिथे बंद केलं होतं तिथेच उघडलं. एवढ्यावर मी लिहून टाकलं की रेक्वॉन जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू लागला आहे, एक केसही पांढरा न होता. वाक्य मला आवडलं होतं. खरं सांगतो, शीर्षकही त्यातूनच काढलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी जुन्या जोडीदाराचा फोन आला. वर्षातून एकदा-दोनदा आमचं बोलणं होतं. मी फुशारकीने सांगितलं की मी या अल्बमवर माझ्या भाषेत लिहिलंय. तो म्हणाला, वाचून दाखव. मी इंग्रजी करत करत वाचलं. तो पांढऱ्या केसाच्या वाक्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “माझा भाऊ सुटून आला २००७ मध्ये. आम्ही दोघांनी मिळून ऐकलं हे, गाडीत बसून, घराच्या दारात. तो म्हणाला, हे दोघं फार दमलेत रे. आणि तू लिहितोस एक केस पांढरा झाला नाही. चौदावं गाणं ऐकलंस का?”

ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे ते कानांवरून गेलं होतं.

त्या रात्री मी अल्बम पहिल्यापासून परत लावला. बावीस तुकडे आहेत, सत्तरेक मिनिटं. चौदावं गाणं आहे ‘एसन जोन्स’. वू-टँगमधला सर्वांत वेडा, सर्वांत लाडका गडी म्हणजे ओल डर्टी बास्टर्ड, खरं नाव रसेल जोन्स. तो नोव्हेंबर २००४ मध्ये वारला, छत्तिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना. हे गाणं त्याच्यासाठी आहे. यात बढाई नाही, बंदुका नाहीत. एक मित्र दुसऱ्या गेलेल्या मित्राविषयी बोलतो, तो कसा होता ते सांगतो, बस्स. आणि ज्या संगीतावर तो बोलतो ते जे डिलाचं आहे. डिला हा डेट्रॉईटचा संगीतकार, तोही फेब्रुवारी २००६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी आजारपणात गेलेला. म्हणजे गेलेल्या माणसाच्या संगीतावर गेलेल्या माणसाचा शोक. डिलाची अशी तीन गाणी या अल्बमवर आहेत. त्यांतलं ‘हाऊस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ समीक्षकांना सगळ्यात जास्त आवडलं, कारण त्यात जुनी मंडळी एकामागून एक येऊन तलवारी फिरवतात. चौदाव्याचा उल्लेख बहुतेकांनी एका ओळीत केला. मी तेवढाही केला नव्हता.

मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. ‘कोल्ड आउटसाइड’मध्ये घोस्टफेस आपल्या वस्तीची हकिगत सांगतो, त्यात एका लहान लेकराच्या खुनाची गोष्ट येते आणि तो तिच्यावरून पुढे सरकू शकत नाही. पहिल्या भागातला घोस्टफेस सरकला असता. ‘हॅव मर्सी’ तुरुंगातल्या माणसाची जवळजवळ प्रार्थना आहे. त्यात ब्लू रास्पबेरी ही गायिका आहे, आणि तीच पहिल्या भागातही गायली होती. ‘पायरेक्स व्हिजन’ हा मिनिटभराचाही नसलेला तुकडा आहे. पायरेक्स म्हणजे काचेचं भांडं, स्वयंपाकघरातलं. त्यात कोकेन शिजवतात. पहिल्या भागात ‘शेफ’ या टोपणनावाची ऐट होती. इथे एक माणूस काचेत बघत उभा आहे, एवढंच चित्र उरतं. मार्ली मार्लचं त्यावरचं संगीतही अगदी उघडंबोडकं.

संगीताचा तर सगळा नकाशाच बदललेला आहे. पहिल्या भागात एकटा रिझा होता. इथे रिझाची थोडीच गाणी आहेत, बाकी डॉ. ड्रे, पीट रॉक, एरिक सर्मन, अल्केमिस्ट, डिला अशी नामावळ. एका घरात शिजलेलं जेवण आणि दहा घरांतून आलेले डबे यांत फरक पडणारच. काही परीक्षकांनी ते टिपलं होतं. पाहुणे जास्त झालेत, लांबी जास्त झालीय, मधल्या गाण्यांत कथा हरवते, असं त्यांनी म्हटलं, आणि ते चुकीचं नव्हतं. सतरा-अठराव्या गाण्यापाशी मलाही घड्याळ बघावंसं वाटतं. डॉ. ड्रेची दोन गाणी चकचकीत आहेत, पण ती कॅलिफोर्नियाच्या उन्हातली, स्टेटन आयलंडच्या ओल्या भिंतींशी त्यांचं नातं जुळत नाही.

आणि मुख्य म्हणजे शहर बदललं होतं. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये बावीसशेहून अधिक खून झाले. २००९ साली पाचशेच्या आत. क्रॅकचा तो बाजार, ते कोपरे, ती रंगीत टोपणं बहुतेक इतिहासजमा झाली होती. रॉकफेलर कायद्यांतल्या सक्तीच्या शिक्षाही त्याच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, मोठ्या प्रमाणात काढून टाकण्यात आल्या. म्हणजे पहिला भाग चालू काळातली बातमी होती आणि दुसरा भाग ऐतिहासिक कादंबरी. ‘काहीही बदललं नाही’ असं आम्ही लिहीत होतो, तेव्हा ज्याविषयी हा माणूस बोलत होता ते जगच उरलं नव्हतं. उरली होती ती त्या जगातून परत आलेली माणसं, चाळिशीतली, आणि न आलेल्यांची नावं.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, आणि मला यापूर्वी एका वाचकाने पत्रातून विचारलंही होतं, की विष विकणाऱ्यांच्या या गोष्टींचं तुम्ही एवढं कौतुक का करता? मी तेव्हा उत्तर दिलं होतं की कला आणि नीती या गोष्टी वेगळ्या. हे उत्तर फार सोयीचं आहे. आज मी एवढंच म्हणेन की पहिल्या भागात ऐट खरोखर आहे, आणि ती ऐकताना माझ्याही अंगात यायची. दुसऱ्या भागात त्याच ऐटीखालून दुसरं काहीतरी ऐकू येतं. पण ते ऐकायचं तर पहिल्या भागाशी तुलना थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते, आणि दुसऱ्या भागाच्या समीक्षकाला नेमकं तेच जमत नाही. संपादक त्याला तुलनेसाठीच बसवतो.

याच्या उलट उदाहरणही आहे, थोडक्यात सांगतो. २००० साली ‘डेल्ट्रॉन ३०३०’ नावाचा अल्बम आला. डेल द फंकी होमोसेपियन हा कॅलिफोर्नियाचा रॅपर, डॅन द ऑटोमेटर संगीतकार, आणि तबकड्या फिरवायला मॉन्ट्रिआलचा किड कोआला. इसवी सन ३०३० मध्ये बड्या कंपन्यांनी विश्वावर राज्य केलंय आणि एक बंडखोर सैनिक त्यांच्याशी लढतोय अशी कथा. याचा दुसरा भाग आला २०१३ साली, तेरा वर्षांनी. स्वागत झालं, पण कोमट. सिनेमानट, विनोदवीर, एवढंच कशाला, एक नामवंत बल्लवाचार्यसुद्धा पाहुणे म्हणून आणलेले. गाण्यांच्या मधले त्यांचे संवाद अनेकांना अडगळ वाटले. मला वाटतं, खरी अडचण निराळी होती. २००० साली जे भविष्य म्हणून सांगितलं ते, २००८ सालचा बँकांचा घोटाळा पाहिलेल्या श्रोत्याला भविष्य वाटेना. वाट पाहण्यात विषयच मागून येऊन पुढे निघून गेला. रेक्वॉनचा विषय भूतकाळात गेल्याने वजनदार झाला, डेल्ट्रॉनचा वर्तमानात आल्याने हलका. समीक्षकांनी दोघांनाही एकच फूटपट्टी लावली, पहिल्यासारखं आहे की नाही एवढी.

माझ्या परीक्षणाची दुरुस्ती छापण्याची काही सोय नव्हती. तपशिलाची चूक असती तर दोन ओळींत खुलासा आला असता. ‘मी नीट ऐकलं नाही’ असा खुलासा कुठल्या पानावर छापणार? म्हणून हे इतक्या वर्षांनी बोलून टाकतोय.

जांभळ्या कॅसेटचा पहिला भाग २०२० साली, पंचवीस वर्षांनी, दहा लाख प्रतींचा म्हणजे प्लॅटिनम ठरला. पोपा वू त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१९ मध्ये गेला. आता दोन्ही अल्बमांचा सांधा जोडणारा तो आवाजही गेलेल्या माणसाचाच आहे. माझा जोडीदार स्टेटन आयलंड सोडून पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाला. त्याचा भाऊ एका शाळेची बस चालवतो. गेल्या दिवाळीत फोनवर मी त्याला विचारलं, तू आता कुठला भाग ऐकतोस, पहिला की दुसरा? तो म्हणाला, “गाडीत मुलं असली तर कुठलाच नाही. एकटा असलो तर दुसरा. तेराव्या गाण्यानंतर चौदावं येतं, ते संपेपर्यंत मी गाडीतून उतरत नाही.”